दाबलेल्या हुंदक्याचा इतिहास

२३ मे १९४५ रोजी झरी या गावी वारल्यांची परिषद भरली. आज तलासरी तालुक्यात असलेले हे गाव त्या काळी ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात मोडत असे. हजारो वारली पायी चालत आले आणि त्यांनी उघड निर्धार केला की, यापुढे वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचे नाही, रोख मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल ठेवायचे नाही. वारल्यांच्या उठावाची सुरुवात म्हणून इतिहासात या दिवसाची नोंद आहे. त्या लढ्याच्या राजकारणाविषयी वाचकांची मते वेगवेगळी असतील. आम्हांला मात्र आज एकच प्रश्न विचारावयाचा आहे. जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या मालकापुढे 'ब्र' काढत नव्हती, ती त्या दिवशी बोलू कशी लागली?

त्यासाठी आधी त्यांचे मौन समजून घ्यावे लागते. वारली हा मुळात अबोल समाज नव्हे. पावसाळा सरला की तारप्याच्या सुरावर फेर धरणारा, लग्नात धवलेरीच्या तोंडून रात्र रात्र गाणी ऐकणारा हा समाज. सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक रेखतात, त्यात पालघट देवी बसवतात. त्याशिवाय लग्न लागत नाही. परंतु ज्या लग्नासाठी ही गाणी गायिली जात, त्याच लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढावे लागे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायको दोघेही त्याच्या दारी गडी म्हणून बांधली जात. आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस हाच गुलामीचा पहिला दिवस ठरे. रात्री गाणारी तीच माणसे सकाळी मालकापुढे मुकी होत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पाहणाऱ्यांना ते मौन सोशिकपणाचे वाटे. कोणी त्याला मंदपणा म्हणे. खरे तर ते जीव वाचवण्यासाठी शिकलेले मौन होते.

गोदावरी परुळेकर या भागात आल्या त्या वेळी पांढरपेशा माणूस दिसला की वारली बिचकत असत. १९४५च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तेथे काही वारली जाऊन आले होते आणि त्यानंतर या भागातील कामाला वेग आला. गोदावरीबाई पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्या, वारल्यांच्या झोपड्यांत राहिल्या, त्यांच्या ताटातले जेवल्या. पुढे १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्यांनी ही हकिकत सांगितली आहे. ते वाचताना आम्हांला जाणवले की, झरीच्या सभेआधी घडलेली गोष्ट अधिक मोलाची होती. कोणीतरी शेजारी बसून, घाई न करता, त्यांचे ऐकून घेत होते. आपल्या दुःखाला शब्द आहेत आणि ते शब्द ऐकणारा माणूस आहे, हे उमगल्यावर भीतीची गाठ सैल झाली. बोलण्याची किंमतही मोजावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी तेथे मरण पावले. तरीही ती माणसे पुन्हा मुकी झाली नाहीत.

समाजाच्या बाबतीत जे घडले, ते एका माणसाच्या बाबतीतही याच मातीत घडले. जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ साली तलासरी तालुक्यातील धामणगावी झाला. सात वर्षांच्या सुमारास त्यांची आई वारली आणि त्या धक्क्याने मुलाची वाचाच बसली. कित्येक वर्षे तो बोलला नाही. मनात येई ते मातीत बोटाने चितारून दाखवी. पुढे डहाणू तालुक्यातील गंजाडच्या कळंबीपाड्यावर ते राहावयास आले. चौक लिहिणे हे बायकांचे काम. पुरुषाने त्यात हात घालू नये, असा रिवाज. म्हसे यांनी तो मोडला. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी वारली चित्रे गोळा करावयास सुरुवात केली, तेव्हा हा हात जगाला दिसला. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री, आणि १५ मे २०१८ रोजी कृतार्थ अखेर. पण हा सारा सन्मान नंतरचा. आरंभी होते एक पोरके मूल आणि समोरची धूळ. दुःखाला तोंडावाटे वाट मिळाली नाही, म्हणून ते बोटांतून वाहिले. ते कोठूनच वाहिले नसते तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनाला चटका लावून जातो.

येथे आम्हांला संत ऑगस्टीनची आठवण होते. इ. स. ३८७ मध्ये ऑस्टिया बंदरात त्याची आई संत मोनिका प्रभुवासी झाली. ऑगस्टीनने स्वतःच्या हाताने तिचे डोळे मिटले. किशोरवयीन आदेओदातुस ओक्साबोक्शी रडू लागला, तर मोठ्यांनी त्याला गप्प केले. ख्रिस्तात मेलेल्यासाठी शोक कसला, असा त्यांचा विचार. ऑगस्टीन दिवसभर कोरड्या डोळ्यांनी वावरला, लोकांशी बोलला, दफनविधीतही रडला नाही. मन हलके व्हावे म्हणून स्नान करून पाहिले, तेही व्यर्थ. एक झोप झाल्यावर, एकांतात, देवासमोर त्याचा बांध फुटला. हे सारे त्याने आपल्या 'कबुलीजबाबा'च्या नवव्या भागात लिहून ठेवले आहे. ज्याला आपण संयम समजत होतो त्यात थोडा अभिमानही मिसळलेला होता, हे त्याने ओळखले असावे, असे आम्हांला वाटते.

हे आम्ही परक्याचे म्हणून सांगत नाही. गुरुविद्यालयात आम्हांला मन आवरावयास शिकवले गेले आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु आवरलेले मन कोठे मोकळे करावे, हे आम्ही शिकलो नाही. आईच्या दफनाचा मिस्सा आम्हीच अर्पण केला. आवाज कापला नाही, म्हणून लोकांनी वाखाणणी केली. त्यानंतर कित्येक वर्षे दुःखी माणूस दारी आला की आम्ही शास्त्रवचन पुढे करीत असू. एक तरुण काही सांगू पाहत होता. आम्ही त्याला उत्तर दिले, तो मान डोलावून निघून गेला आणि पुन्हा आला नाही. तो काय सांगणार होता, हे आम्हांला आजही ठाऊक नाही.

पुढे तलासरीकडच्या एका पाड्यावर मर्तिकाला गेलो असता एका म्हातारीने सहज विचारले, "तुझी आय मेली तवा तू रडलास ना, फादर?" आम्ही खोटे बोलू शकलो नाही. ती काही बोलली नाही. आमचा हात धरून बसून राहिली. तेथे, त्या शेणाने सारवलेल्या अंगणात, उशिरा का होईना, आम्ही आईसाठी रडलो.

मग संयम सोडून द्यावा काय? मुळीच नाही. संत पौलाने इंद्रियदमन हे पवित्र आत्म्याचे फळ म्हटले आहे. पण त्याच यादीत प्रीती आणि आनंदही आहेत. संत इग्नेशियसने आपल्या 'आध्यात्मिक साधने'त बजावले आहे की, सैतानाला आपले कारस्थान गुप्त राहावे असे वाटते. ते सुज्ञ माणसापाशी उघड केले की त्याचा जोर सरतो. हाच इग्नेशियस स्वतःच्या रोजनिशीत आपल्या अश्रूंची नोंद ठेवीत असे. आणि लाजराच्या कबरीपाशी प्रभू येशू सर्वांदेखत रडला, मग त्याने मेलेल्याला हाक मारली.

आपल्या घरांत आजही अनेक बाप मुलांपुढे रडत नाहीत, अनेक सुना मनातले मनात ठेवतात, अनेक धर्मगुरू वाखाणणीचे धनी होऊन एकटे झोपतात. झरीच्या वारल्यांना बोलावयास शिकवणारे व्याख्यान कोणी दिले नव्हते. आधी त्यांच्या ओट्यावर कोणी बसले होते. आपल्या धर्मग्रामात तेवढे करणे आपल्या हाती आहे. तो तरुण पुन्हा आमच्या दारी आला, तर या वेळी आम्ही आधी त्याला बसावयास सांगू.