तांब्याचा हंडा आणि गळ्यातलं मडकं

अठराव्या शतकातलं रोजचं घर चित्रात पाहायचं म्हटलं की कलेचा इतिहास आपल्याला थेट पॅरिसला नेतो. तिथे शार्दां (१६९९-१७७९) नावाच्या चित्रकाराने देव आणि राजे सोडून स्वयंपाकघर रंगवलं. १७३९ च्या त्याच्या चित्रात बाजारातून आलेली मोलकरीण पाव ठेवून दम खात उभी आहे. मागच्या खोलीत पाण्याचा मोठा तांब्याचा हंडा दिसतो. दुसऱ्या एका चित्रात तर बाई वाकून अशाच हंड्याच्या तोटीतून पाणी घेते आहे. आमची नजर त्या तोटीवरच अडते. मोलकरीण मालकाच्या पाण्याला हात लावते आणि पाणी बाटत नाही!

त्याच शतकात पुण्यात पेशवाई होती. सोवळ्या घरात पाणी भरणारा पाणक्यासुद्धा जात पाहूनच ठेवत. आणि अस्पृश्यांना पेशव्यांच्या राजधानीत कमरेला झाडू बांधून, थुंकीसाठी गळ्यात मडकं अडकवून चालावं लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडलं आहे.

पेशवाईत चित्रं नव्हती असं कुणी म्हणू नये. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याच्या भिंतींवर पुराणकथा आहेत. १७९२ मध्ये जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने सवाई माधवराव आणि नानांना रंगवलं, सोबत बिननावाचे सेवक. गावची लाकडं फोडणारा, मेलेलं ढोर ओढणारा महार आणि त्याच्या घरची चूल या भिंतींवर शोधून पाहा.

शार्दांचा उदोउदो आम्हाला करायचा नाही. १७४० मध्ये त्याचं चित्र पंधराव्या लुईला भेट गेलं, आणि त्या फ्रान्सची साखर कॅरिबियन बेटांवरच्या काळ्या गुलामांच्या घामातून येत होती. त्याच्या मोलकरणीलाही नाव नाही. पण ती चित्रात आहे, मधोमध आहे.

आपल्या वऱ्हाडात तेव्हा निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल. वसुलीचा हिशेब दोघांनीही ठेवला. महारवाड्यातल्या रांजणाचा कोण ठेवणार? आपलं पाणी इतिहासात ठळक दिसतं ते २० मार्च १९२७ ला, चवदार तळ्यावर. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला बडनेऱ्याशेजारी अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली.

मित्रांनो, बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत ऐंशी ओलांडलेल्या आज्या अजून आहेत. पाणी कुठून आणत, विहिरीवर ताटकळत किती बसावं लागे, वरून ओतून कोण देई, हे त्यांना विचारा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.