बॅरिस्टर केनीली यांची सनद

वकिलाचा धंदा मोठा चमत्कारिक आहे. साक्षीदार स्वतः पाहिलेलें सांगतो, न्यायाधीश स्वतःच्या बुद्धीस पटलेलें सांगतो. वकील मात्र दुसऱ्याच्या वतीनें आणि दुसऱ्यासाठीं बोलतो. म्हणूनच न्यायमंदिरांत त्याच्या वाणीला जी मोकळीक असते ती तुम्हांआम्हांला बाहेर कोठेंही मिळत नाहीं. भर न्यायालयांत त्यानें एखाद्याला लबाड म्हटलें, तरी इंग्लंडच्या कायद्याप्रमाणें त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा चालत नाहीं. ही मोकळीक नसती तर बलाढ्य फिर्यादीपुढें दुबळ्या आरोपीची बाजू मांडण्यास कोण धजला असता? परंतु या मोकळिकीची सीमा कोणती, आणि ती ओलांडणाऱ्यास शासन कोणीं करावें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. एका जुन्या खटल्याच्या आधारें आपण त्याचा विचार करूं.

१८२० सालीं राणी कॅरोलाइनचा बचाव करतांना हेन्री ब्रूम यांनीं लॉर्डांच्या सभेंत वकिलाच्या धर्माची एक मोठी निर्भय व्याख्या केली. कर्तव्य बजावतांना वकिलाला साऱ्या जगांत आपल्या अशिलावांचून दुसरा माणूस ठाऊक नसतो. त्याला वांचवितांना इतरांवर संकट ओढवलें तरी त्याची पर्वा करतां कामा नये, असा त्यांचा आशय होता. पुढें १८६४ सालीं बेर्ये या फ्रेंच वकिलाच्या सत्कारासाठीं लंडनला मिडल टेंपलमध्यें मेजवानी झाली. तेथें वृद्ध ब्रूम यांनीं आपलें जुनें मत पुन्हां बोलून दाखविलें. त्यांच्यानंतर मुख्य न्यायाधीश सर अलेक्झांडर कॉकबर्न उठले आणि त्यांनीं या मताला एक मोलाची मुरड घातली. वकिलाच्या हातीं शस्त्र असावें, पण तें योद्ध्याचें असावें, मारेकऱ्याचें नव्हे, असें त्यांनीं सांगितलें. अशिलाचें हित साधावयाचें तें न्याय्य मार्गानें, अन्यायानें नव्हे. मेजवानींतलें हें सुभाषित कॉकबर्न यांच्याच न्यायासनापुढें नऊ वर्षांनीं कसोटीला लागावयाचें होतें.

टिचबोर्न खटल्याची हकीकत एखाद्या कादंबरीसारखी आहे. हॅम्पशायरमधील टिचबोर्न हें जुनें, श्रीमंत कॅथॉलिक घराणें. त्याचा वारस रॉजर १८५४ च्या एप्रिलांत रिओ बंदरांतून ‘बेला’ नांवाच्या जहाजावर चढला आणि तें जहाज समुद्रांत नाहींसें झालें. सर्वांनीं आशा सोडली. आईनें मात्र सोडली नाहीं. तिनें दूरदूरच्या वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या. १८६६ सालीं ऑस्ट्रेलियांतील वॉगा वॉगा गांवचा एक खाटीक ‘तो हरवलेला मुलगा मीच’ म्हणून पुढें आला. रॉजर अंगानें सडपातळ, फ्रान्समध्यें वाढलेला, फ्रेंच ही त्याची बाळपणापासूनची भाषा. हा दावेदार अतिशय स्थूल, आणि फ्रेंच त्याला येत नव्हती. तरीही १८६७ च्या जानेवारींत पॅरिसला आईनें त्याला पाहिलें आणि आपला मुलगा म्हणून कवटाळलें. पुढल्या वर्षीं ती वारली. इस्टेटीसाठीं दावेदारानें लावलेला दिवाणी दावा १८७१ च्या मे महिन्यापासून १८७२ च्या मार्चपर्यंत चालला आणि फसला. लगेच शपथेवर खोटें बोलल्याबद्दल त्याच्यावर फौजदारी खटला उभा राहिला. हा मनुष्य रॉजर नसून लंडनच्या वॉपिंग भागांतील एका खाटकाचा मुलगा आर्थर ऑर्टन आहे, असें सरकारपक्षाचें म्हणणें होतें.

२३ एप्रिल १८७३ रोजीं सुरू झालेला हा खटला २८ फेब्रुवारी १८७४ रोजीं संपला. न्यायालय १८८ दिवस बसलें. कॉकबर्न यांच्या जोडीला आणखी दोन न्यायमूर्ति होते. आरोपीचा बचाव डॉक्टर एडवर्ड केनीली या आयरिश बॅरिस्टरांकडे आला. माणूस विद्वान, कवि, बहुभाषी; ‘क्वीन्स कौन्सेल’ ही मानाची पदवी मिळविलेला; परंतु स्वभावानें अत्यंत तापट. आपल्या अशिलावर घोर अन्याय होत आहे, असा त्यांचा मनापासून विश्वास होता असें दिसतें. त्यांचा दोष मोजतांना ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

केनीली यांचें वर्तन कोठें बिघडलें? सरकारपक्षाचा साक्षीदार चुकत आहे, त्याची स्मरणशक्ति दगा देत आहे, हें उलटतपासणींत दाखविणें हें वकिलाचें कामच आहे. केनीली तेवढ्यावर थांबले नाहींत. साक्षीदारांना लांच दिली आहे, फिर्यादीपक्षानें कट रचला आहे, जेसुइट धर्मगुरूंचा यांत हात आहे, असे आरोप ते करीत राहिले; त्यांना आधार देईल असा पुरावा मात्र पुढें आला नाहीं. दावेदाराला रॉजरच्या पूर्वायुष्यांतील गोष्टी आठवत नाहींत याचा उलगडा करण्यासाठीं त्यांनीं खुद्द रॉजरलाच मंदबुद्धि आणि दुर्वर्तनी ठरविलें. रॉजरच्या चुलतबहिणीशीं आपला अनैतिक संबंध होता, असें दावेदारानें शपथेवर सांगितलें होतें. त्या स्त्रीच्या अब्रूचे धिंडवडे निघाले ते निराळेच. न्यायासनाशीं रोजचे खटके उडत. त्यांतच बचावाचा एक महत्त्वाचा साक्षीदार, बुडालेल्या जहाजावरील लोकांना आपल्या जहाजानें वांचविलें असें सांगणारा एक डेन खलाशी, उघडउघड खोटा ठरला आणि पुढें त्यालाही शिक्षा झाली.

अखेरीस ज्यूरीनें अर्ध्या तासांत निर्णय दिला: आरोपी रॉजर नव्हे, तो ऑर्टनच, आणि त्या स्त्रीविषयींच्या आरोपाला तिळमात्र पुरावा नाहीं. आरोपीला चौदा वर्षांची सक्तमजुरी झाली. पण ज्यूरी तेवढ्यावर थांबली नाहीं. आरोपीच्या वकिलानें फिर्यादीपक्षावर व साक्षीदारांवर केलेल्या बेछूट आरोपांबद्दल तिनें आपल्या निर्णयाला निषेधाची पुस्ती जोडली. आरोपीचा न्याय करावयास बसलेल्या बारा सामान्य गृहस्थांना त्याच्या वकिलाचाही न्याय करावासा वाटला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

यानंतर धंद्याचें शासन सुरू झालें. ऑक्सफर्ड सर्किटवरील बॅरिस्टरांच्या मंडळानें केनीली यांना काढून टाकलें. केनीली गप्प बसणारे नव्हते. त्यांनीं ‘द इंग्लिशमन’ नांवाचें साप्ताहिक काढून न्यायमूर्तींवर आणि सरकारी वकिलांवर आग पाखडण्यास आरंभ केला. तेव्हां ज्या ग्रेज इन संस्थेचे ते वरिष्ठ सभासद होते, तिनें १८७४ सालींच प्रथम त्यांचें वरिष्ठपद काढलें आणि मग त्यांचें नांव बॅरिस्टरांच्या यादींतून खोडलें. लॉर्ड चॅन्सेलरांनीं ‘क्वीन्स कौन्सेल’ची सनदही रद्द केली.

वरवर पाहतां न्याय झाला. परंतु परिणाम काय झाला पाहा. १८७५ च्या फेब्रुवारींत स्टोक येथील मतदारांनीं याच केनीलींना पार्लमेंटांत निवडून दिलें. सभागृहांत नव्या सभासदाला दोन सभासदांनीं पुढें आणावयाचें अशी रीत. केनीलींबरोबर येण्यास कोणी तयार होईना, शेवटीं सभागृहाला ती रीतच बाजूला ठेवावी लागली. त्याच वर्षाच्या एप्रिलांत त्यांनीं टिचबोर्न खटल्याची चौकशी करण्यासाठीं शाही कमिशन मागितलें. प्रस्तावाविरुद्ध ४३३ मतें पडलीं, बाजूनें अवघें एक. सभागृहाबाहेर मात्र हजारों कामकरी लोक त्यांच्या सभांना गर्दी करीत. गरिबाची बाजू घेतली म्हणून बड्यांनीं या वकिलाची भाकरी काढली, अशी त्यांची समजूत झाली होती. १८८० सालीं केनीली निवडणुकींत पडले आणि त्याच वर्षीं वारले.

लोकांची समजूत दावेदाराविषयीं चुकीची होती. पण शासनाच्या रीतीविषयीं त्यांच्या संशयाला मुळींच आधार नव्हता असें म्हणतां येत नाहीं. केनीलींचा खरा अपराध न्यायालयांत, सर्वांच्या डोळ्यांदेखत, महिनोन्महिने घडत होता. खटला सुरू होण्यापूर्वीं बाहेर सभा घेऊन बोलणाऱ्या दोन पार्लमेंट-सभासदांना याच न्यायालयानें अवमानाबद्दल दंड केला होता. आंतल्या वकिलाला मात्र शाब्दिक कानउघाडणीपलीकडे कांहीं झालें नाहीं. सनद गेली ती पुढें, वृत्तपत्रांतील लेखनावरून. निराधार आरोपांनीं ज्यांची अब्रू गेली त्या साक्षीदारांची दाद बाजूला राहिली, आणि दुखावलेल्या न्यायमूर्तींचा व धंद्याचा मान पुढें आला. शिक्षा योग्य, पण ती भलत्या गुन्ह्याची, असें झालें म्हणजे अपराधी हुतात्मा ठरतो.

लेखनावरून सनद काढण्याची ही वाट कोठें जाते, याचा अनुभव आपल्याकडील लोकांनींही घेतला. मुंबईच्या एल्फिन्स्टन शाळेंत शिकलेले श्यामजी कृष्णवर्मा यांचें नांव इनर टेंपलनें १९०९ सालीं ‘टाइम्स’ पत्रांतील त्यांच्या राजकीय पत्रांवरून खोडलें. १९२२ सालीं राजद्रोहाची शिक्षा झाल्यावर गांधीजींचेंही नांव त्याच संस्थेनें काढलें. गांधीजींचें नांव १९८८ सालीं आणि श्यामजींचें २०१५ सालीं पुन्हां दाखल झालें. दोघांनाही तें पाहावयास मिळालें नाहीं. अशिलाशीं केलेला द्रोह किंवा न्यायालयाची फसवणूक यांचा या शिक्षांशीं कांहींच संबंध नव्हता. शासनाचा अधिकार मूळ हेतूपासून सुटला कीं तो सत्तेचें हत्यार होतो.

हिंदुस्थानांत हा अधिकार प्रथम हायकोर्टांच्या हातीं होता. १९२६ च्या कायद्यानें बार कौन्सिलें निघालीं, तरी अखेरचा शब्द हायकोर्टाचाच राहिला. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टानें तो बदल केला. आतां तक्रार राज्याच्या बार कौन्सिलच्या शिस्त-समितीपुढें जाते; तिचे तिन्ही सभासद वकीलच असतात. ताकीद, ठराविक मुदतीची बंदी, अथवा यादींतून नांव कमी करणें, या शिक्षा तिला देतां येतात. तिजवर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयाकडे अपील आहे. अवमानाबद्दल शिक्षा देतांना न्यायालयानें स्वतःच वकिलाची सनद स्थगित करूं नये, तें काम बार कौन्सिलचें, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९८ सालीं ठरविलें. म्हणजे दुखावलेल्या न्यायासनानें सनद काढूं नये, एवढी गोष्ट तरी साधली. बार कौन्सिलचे नियमही ब्रूम आणि कॉकबर्न या दोघांचा समेट घालणारे आहेत: अशिलाचें हित निर्भयपणें राखावें, पण प्रामाणिक व सन्मान्य उपायांनीं, आणि सरकारी वकिलानें निरपराध्याला शिक्षा होईल अशा रीतीनें खटला चालवूं नये.

तरीही एक प्रश्न उरतोच. वकिलाचा न्याय वकिलांनींच करावा काय? धंद्याचे बारकावे त्यांनाच कळतात, हें खरें. पण वकिलाच्या वाणीनें जखमी होतो तो बहुधा साक्षीच्या पिंजऱ्यांत उभा राहिलेला सामान्य मनुष्य. आणि त्या पिंजऱ्यांत उद्यां तुम्हींआम्हींही उभे राहूं. इंग्लंडांत आतां बॅरिस्टरांच्या शिस्तीच्या न्यायमंडळांत वकील नसलेले नागरिकही बसतात. १८७४ च्या त्या ज्यूरीनें कोणी विचारलें नसतांनाही आपलें मत नोंदविलें, तेव्हां तिनें हीच उणीव दाखविली होती. वकिलाची वाणी मोकळीच राहिली पाहिजे, कारण ती आरोपीची अखेरची ढाल आहे. मात्र त्या ढालीनें वाटेंतल्या तिऱ्हाइताचें डोकें फुटलें तर त्याची दाद कोणाकडे, हेंही त्या तिऱ्हाइताला आधींच ठाऊक असलें पाहिजे.