पहाटे चार सत्तावन्न

ज्या कंपनीचा हा घटनाक्रम आहे, तिचं इथे अक्कलकोटात काही नाही. गिटलॅब म्हणजे प्रोग्रॅमरांनी आपला कोड ठेवायची सेवा; तिची माणसं देशोदेशी आपापल्या घरी बसून काम करत. पण तिचे ग्राहक इकडेही होते. सोलापुरात इंजिनिअरिंग करून हिंजवडीला गेलेल्या, सणाला गावी आल्यावरही जेवणं उरकून लॅपटॉप उघडणाऱ्या पोरापोरींना गिटलॅब आवडायचं, कारण तिथे खासगी प्रकल्प फुकट ठेवता येत. गिटहब या स्पर्धक सेवेवर त्याला पैसे पडत, ते थेट २०१९ पर्यंत. म्हणून खालच्या सगळ्या वेळा इथल्या घड्याळाच्या आहेत. कंपनीने आपल्या नोंदी ग्रिनिच वेळेत ठेवल्या. त्यात साडेपाच तास मिळवायचे, एवढंच.

मंगळवार, ३१ जानेवारी २०१७, रात्री १०.५०

माघी गणेश जयंतीचा दिवस, त्यात मराठा मोर्चाचा राज्यभर चक्का जाम.

गिटलॅबचा सगळा डेटाबेस एका मुख्य सर्व्हरवर होता आणि त्याची जिवंत नक्कल दुसऱ्यावर. पहिला डीबी-१, दुसरा डीबी-२. नावात फरक एका आकड्याचा. मुख्य सर्व्हरवर ताण वाढत चालला होता, म्हणून एका डेटाबेस इंजिनिअरने पीजीपूल नावाचं साधन वापरून वाचनाचं काम अनेक सर्व्हरांत वाटून देता येतं का, हे आधी चाचणीच्या सर्व्हरवर पाहायचं ठरवलं. चाचणीला ताजा डेटा हवा. डेटाबेसचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, रोज एकदा, आपल्या सकाळी साडेसहाला, आपोआप निघत असे. सकाळचा स्नॅपशॉट होताच, त्यावरही भागलं असतं. पण याला तो शिळा वाटला. त्याने हाताने नवा काढला आणि चाचणीच्या सर्व्हरवर चढवला. कामाची जाण असलेला माणूस असाच वागतो.

मध्यरात्र उलटून १२.३०

डेटाबेसवरचा भार एकदम चढला. स्पॅम टाकणाऱ्यांनी धुमाकूळ घातला होता आणि लोकांना साध्या टिप्पण्याही टाकता येईनात.

भाराचं आणखी एक कारण पुढे उघडकीला आलं, ते मात्र घरचंच होतं. कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध गैरवापराची तक्रार आली होती आणि ते खातं चुकून काढून टाकण्याच्या रांगेत गेलं होतं. आता पडद्यामागे एक प्रोग्रॅम त्या माणसाचा सगळा डेटा इमानेइतबारे खरवडून काढत बसला होता.

पहाटे २.३०

लिहिण्याची कामं ठप्प. साइट काही वेळ बंदच पडली. स्पॅमवाल्यांचे पत्ते अडवले, खाती उडवली. एक महाभाग असा सापडला की त्याच्या एका खात्यावर सुमारे ४७ हजार आयपी पत्त्यांवरून लॉगिन होत होतं. फुकटची फाइल-पुरवठा सेवा म्हणून तो गिटलॅब वापरत होता. त्यालाही काढलं. भार उतरू लागला.

पहाटे ३.३०

इंजिनिअरच्या गावी तेव्हा रात्रीचे अकरा वाजायला आले होते. आता उशीर झाला, मी निघतो, असं त्याने सहकाऱ्यांना सांगूनही टाकलं होतं. हे त्या रात्रीच्या नोंदींतच आहे. तेवढ्यात इशारा आला: डीबी-२ मागे पडतोय, जवळपास चार जीबीने.

पतसंस्थेत प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरतो आणि मग खतावणीत जातो. गिटलॅबच्या पोस्टग्रेएसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रे) या डेटाबेसमध्येही प्रत्येक बदल आधी अशाच एका कीर्दीत नोंदला जातो. डीबी-२ तीच पानं वाचून स्वतःला अद्ययावत ठेवतो. पण त्या रात्री व्यवहार इतके झाले की दुसऱ्याने वाचायच्या आत पहिल्याने जुनी पानं काढून टाकली. ती वेगळी जपून ठेवायची सोय पोस्टग्रेमध्ये आहे. गिटलॅबने ती चालू केलेली नव्हती. म्हणजे मागे पडलेल्याला आता पुन्हा गाठता येणार नव्हतं. त्याची पाटी पुसून सगळी नक्कल मुळापासून उतरवायची.

तो थांबला. कोणी हुकूम केला म्हणून नव्हे. समोर काम अर्धं पडलंय आणि ते आपल्याला येतं, हे ठाऊक असलेला माणूस असा उठत नाही. ओव्हरटाइमचं मूळ आपण साहेबाच्या दटावणीत शोधतो. डेटाबेसच्या धंद्यात तो बहुतेकदा असा, स्वखुशीने आणि चांगल्या माणसाच्या अंगावर येतो. ज्याला येत नाही तो वेळेवर झोपतो.

पहाटे ४ ते ४.५०

डीबी-२ वरचा डेटा पुसून त्याने नक्कल उतरवणारं साधन चालवलं: पीजी-बेसबॅकअप. ते नुसतंच बसून राहिलं. सगळं सविस्तर सांग, अशी सूचना देऊनही चकार शब्द नाही. काही खेपांनंतर एकदाचं बोललं, की डीबी-१ वर नक्कल करणाऱ्यांसाठी जोडण्याच शिल्लक नाहीत. ती मर्यादा मुळात ३ होती, ती ३२ केली. मग पोस्टग्रे पुन्हा सुरू होईना. कारण काय, तर एकूण जोडण्यांची मर्यादा ८००० ठेवलेली. हा अवाच्या सवा आकडा जवळपास वर्षभरापूर्वी कुणीतरी घातला होता आणि वर्षभर तो बिनबोभाट चालला होता. तो २००० वर आणला, तेव्हा गाडी सुरू झाली.

बेसबॅकअप पुन्हा गप्प.

मग त्याने एसट्रेस लावून पाहिलं, म्हणजे प्रोग्रॅम आतून नेमका कशापाशी अडलाय ते उघडून बघितलं. उत्तर मिळालं, की तो वाट बघतोय. कशाची, ते नाही.

आणि तो खरोखरच वाट बघत होता. मुख्य सर्व्हर डेटा पाठवायला लागेपर्यंत बेसबॅकअप मुकाट बसून राहतं, हा बिघाड नाही, ती त्याची रीत. टीममधल्या एकाला हे पक्कं ठाऊक होतं; तो त्या वेळी हजर नव्हता. कंपनीच्या कार्यपुस्तिकेत ते नीट लिहिलेलं नव्हतं आणि पोस्टग्रेच्या अधिकृत कागदांतही स्पष्ट नव्हतं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त राग येतो तो इथे. 'थांबा, काम चालू आहे' एवढी एक ओळ त्या साधनाने छापली असती, तर तो माणूस चहा करून आला असता. थकलेल्या माणसापुढे साधन गप्प बसलं की तो कारणं शोधू लागतो, आणि पहिलं जे सुचेल ते त्याला खरं वाटू लागतं.

४.५५ च्या सुमारास

त्याला वाटलं, आधीच्या खेपांमध्ये बेसबॅकअपने डीबी-२ च्या फोल्डरात काही फाइली अर्धवट टाकून ठेवल्या असतील, म्हणून ते अडतंय. फोल्डर एकदा साफ करू. पुसायची कमांड दिली.

टर्मिनलच्या काळ्या खिडक्या दोन. दोन्हींत तीच अक्षरं, तोच मार्ग, तेच फोल्डर. ओळीच्या सुरुवातीला सर्व्हरचं नाव, आणि त्यात कुठेतरी १ किंवा २.

सेकंद-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, की हा डीबी-१ आहे.

४.५७

कमांड थांबवली. सुमारे ३१० जीबीतले साडेचार जीबी उरले होते.

दोन सेकंदांत तीनशे जीबी कसे जातील, असा प्रश्न पडतो. पोस्टग्रे आपली मोठी कोष्टकं एकेका जीबीच्या फाइलींमध्ये तोडून ठेवतं आणि पुसणं म्हणजे आतला मजकूर खोडणं नव्हे, फाइलीची नोंद काढून टाकणं. अशा काही शे नोंदी काढायला संगणकाला वेळ लागत नाही.

डीबी-२ त्याने स्वतःच आधी रिकामा केला होता. आता डीबी-१ ही रिकामा. त्याने मदत मागितली.

पहाटे ५

अक्कलकोटात वटवृक्ष मंदिरात काकडआरतीची वेळ. गिटलॅबमध्ये बॅकअपची शोधाशोध. एकामागून एक सोयी तपासल्या गेल्या.

जिवंत नक्कल: वर सांगितलीच.

रोजचा पूर्ण बॅकअप, जो ॲमेझॉनच्या साठवणीत जाऊन पडायचा: तिथे ताजं काहीच नव्हतं. हा बॅकअप पीजी-डम्प नावाच्या साधनाने घेतला जाई. डेटाबेस होता ९.६ आवृत्तीचा. पण बॅकअपचं काम चालायचं दुसऱ्याच एका सर्व्हरवर, जिथे डेटाबेसचं फोल्डरच नव्हतं. आवृत्ती कोणती, हे त्या फोल्डरातल्या एका फाइलीवरून ठरायचं. फाइल न दिसल्यामुळे साधनाने आपलं आपण ९.२ ठरवलं. ९.२ चं डम्प ९.६ चा डेटाबेस उचलू शकत नाही, त्यामुळे ते रोज चूक झाल्याचा संदेश देऊन संपायचं.

मग कुणाला कळलं कसं नाही? चूक झाली की ईमेल जायची व्यवस्था होती. ईमेल जातही होते. पण ते डीमार्क या पडताळणीत बसत नव्हते, म्हणून मेल सर्व्हर ते बाहेरच्या बाहेर परतवून लावत होता. म्हणजे चोर आल्यावर कुत्रं रोज भुंकत होतं, आणि घरात कुणाला ऐकूच जात नव्हतं.

तिसरी सोय, अझूरचे डिस्क-स्नॅपशॉट: फाइल सर्व्हरांसाठी चालू होते. डेटाबेस सर्व्हरांसाठी ते कधी लावलेच नव्हते, कारण बाकीच्या सोयी आहेत की!

चौथी, रोजचा आपोआप निघणारा स्नॅपशॉट: होता, पण जवळपास बावीस तास जुना.

गिटलॅबने पुढे स्वतःच जगजाहीर केलं, की पाच तऱ्हांच्या सोयींपैकी एकही भरवशाने चालत नव्हती किंवा मुळात लावलेलीच नव्हती.

हाताशी राहिला एकच, रात्री १०.५० चा. सकाळचा शिळा वाटला म्हणून हाताने काढलेला. आणि तो काढला होता त्याच इंजिनिअरने. ज्या हाताने डेटाबेस गेला, त्याच हाताने सहा तासांपूर्वी तो वाचवून ठेवला होता. सहा तासांपूर्वी तो दमलेला नव्हता. 'माणूस लायक की नालायक' असा सवाल करणाऱ्यांनी या दोन कमांडी शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात.

बुधवार, १ फेब्रुवारी, दिवसभर

वसंत पंचमी. अकराला लोकसभेत अरुण जेटली अर्थसंकल्प मांडायला उभे राहिले; तो फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला मांडायची ती पहिलीच वेळ. इकडे डेटा चाचणीच्या सर्व्हरवरून मुख्य सर्व्हरकडे रांगत होता. चाचणीचा सर्व्हर म्हणून त्याला स्वस्तातल्या, संथ डिस्क दिलेल्या. वेग सेकंदाला साधारण ६० मेगाबिट, त्यापुढे काही केल्या जाईना. तिथून कधी काळी सगळा कारभार परत उभा करावा लागेल, हे डिस्क घेताना कुणाच्या स्वप्नातही नसणार.

या तासांत कंपनीने एक गोष्ट केली, जी इतर कंपन्या सहसा करत नाहीत. आपल्या नोंदींचा कागद सर्वांना खुला केला आणि दुरुस्तीचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर लावलं. काही इंजिनिअर एक टक्केवारी वाढताना बघताहेत, हे बघायला एका वेळी पाच हजारांपर्यंत लोक जमले. त्यात भारतातले किती, सांगता येणार नाही. पण आपल्याकडे तेव्हा ऑफिसची वेळ होती आणि गिटलॅब बंद असल्यामुळे अनेकांना दुसरं काम नव्हतं.

रात्री ११.३०

गिटलॅब पुन्हा चालू. आधीच्या रात्री १०.५० नंतर जे झालं ते मात्र गेलं: सुमारे पाच हजार प्रकल्पांच्या नोंदी, पाच हजार टिप्पण्या, सातशेच्या आसपास नवी खाती. कोड वेगळ्या सर्व्हरांवर होता म्हणून तो वाचला. स्नॅपशॉट चाचणीवर चढवताना वेबहुक (प्रकल्पात काही घडलं की दुसऱ्या सेवेला आपोआप कळवणाऱ्या जोडण्या) पुसले जात, ते वेगळी खटपट करून परत आणावे लागले. भारतात मंगळवारी रात्री अकरानंतर बसून कुणी 'हा बग सुटला, बंद करतोय' असं लिहिलं असेल, तर साइट परत आली तेव्हा तो बग पुन्हा उघडा होता.

१० फेब्रुवारी

सविस्तर अहवाल आला. इंजिनिअरचं नाव त्यात नाही आणि त्याची नोकरीही गेली नाही. 'हे का झालं' या प्रश्नाला उत्तर, त्या उत्तराला पुन्हा 'का', अशा पद्धतीने तो लिहिलाय. बॅकअप परत उतरवून कधी पाहिले का नाहीत, या 'का'चं शेवटचं उत्तर आहे: ती जबाबदारी कुणाचीच नव्हती.

शेवटी करायच्या कामांची यादी, डझनाहून जास्त. मुख्य सर्व्हरची टर्मिनल-ओळ वेगळ्या रंगाची करायची. स्नॅपशॉट दर तासाला काढायचे. बॅकअप आपोआप उतरवून तपासायचे. जोडण्यांची मर्यादा शहाण्यासारखी ठेवायची. कार्यपुस्तिका सुधारायची. डेटा टिकवण्याला एक धनी नेमायचा. रात्री अकराला 'मी निघतो' म्हणालेल्या माणसाच्या जागी कुणी बसायचं, याबद्दल त्या यादीत काही नाही.