बंदूक नसलेली फलटण

बेळगाव, खानापूर, चंदगड या टापूत लष्करी गणवेश कुणाला नवा नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रच बेळगावात असल्यामुळे पेन्शन, कॅन्टीन, लष्करी इस्पितळ, जवानाच्या माघारी त्याच्या पत्नीला मिळणारे निवृत्तिवेतन हे शब्द इथल्या घराघरांत रुळलेले आहेत. जो देशासाठी जीव धोक्यात घालतो त्याच्या घरादाराची काळजी देशाने घ्यावी, हा व्यवहार आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. परंतु जीव धोक्यात घालणारा माणूस बंदूकधारीच असतो असे नाही. प्लेगच्या वस्तीत शिरणारा डॉक्टर, पीतज्वराच्या बंदरात जहाजावर चढून खलाशांना तपासणारा अधिकारी यांनाही शत्रू असतोच, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. मग त्यांना सैनिकाचे हक्क द्यायचे की नाही?

हा प्रश्न एका देशाने सव्वाशे वर्षांपूर्वी विचारला आणि त्याचे उत्तर हप्त्याहप्त्याने दिले. तो देश म्हणजे अमेरिकेची संयुक्त संस्थाने. तिथे आठ गणवेशधारी सेवा आहेत. त्यांतल्या सहा सशस्त्र, दोन निःशस्त्र. निःशस्त्रांपैकी एक समुद्र आणि हवामान यांची पाहणी करणारी, तर दुसरी सार्वजनिक आरोग्य सेवेची ‘कमिशन्ड कोअर’. या दुसऱ्या फलटणीत डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, औषधतज्ज्ञ, अभियंते असतात. त्यांचा गणवेश आरमारासारखा, हुद्दे लेफ्टनंट, कमांडर, कॅप्टन असे आरमारी. सर्जन जनरल हा त्यांचा प्रमुख व्हाइस ॲडमिरलच्या दर्जाचा असतो. या फलटणीला कोणते हक्क केव्हा मिळाले, हे क्रमाने पाहिले की सरकार नावाच्या यंत्रणेचा स्वभाव चांगला उलगडतो.

खलाशांचे वीस सेंट

या सेवेचे मूळ १७९८ सालच्या एका कायद्यात आहे. परमुलखातल्या बंदरात आजारी पडलेल्या खलाशाला वाली नसे. म्हणून १६ जुलै १७९८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी एका कायद्यावर सही केली. प्रत्येक खलाशाच्या पगारातून दरमहा वीस सेंट कापायचे आणि त्या निधीतून बंदरोबंदरी त्यांच्या उपचाराची सोय करायची, अशी ती योजना होती. हेतू चांगला, पण अंमल ढिसाळ. कोणत्या इस्पितळात कोण डॉक्टर नेमायचा हे स्थानिक पुढाऱ्यांच्या मर्जीवर ठरू लागले. वशिल्याचे तट्टू हा प्रकार काही आपल्याच मातीत उगवतो असे नाही.

१८७० मध्ये ही सारी इस्पितळे एका मध्यवर्ती कारभाराखाली आणली गेली आणि १८७१ मध्ये जॉन मेनार्ड वुडवर्थ हा त्यांचा प्रमुख झाला. यादवी युद्धात जनरल शेर्मनच्या फौजेत त्याने सर्जन म्हणून काम केले होते, त्यामुळे लष्करी शिस्त त्याच्या अंगात मुरलेली. त्याने डॉक्टरांची नेमणूक परीक्षा घेऊन करायला सुरुवात केली, त्यांना गणवेश चढवला, आणि अमुक इस्पितळाचा डॉक्टर ही कल्पनाच काढून टाकली. डॉक्टर सेवेचा, सेवा पाठवील तिथे त्याने जायचे. पुढे ४ जानेवारी १८८९ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या सहीने या पद्धतीला कायद्याचे रूप आले. अधिकाऱ्यांची नेमणूक राष्ट्राध्यक्षाने सेनेटच्या संमतीने करायची, असे ठरले.

गणवेश हा इथे थाटासाठी नव्हता, हे ध्यानात घ्यावे. बंदरातले व्यापारी, नगरपालिका, राज्याचा गव्हर्नर यांच्या दडपणाला डॉक्टर बळी पडू नये, म्हणून त्याची नाळ स्थानिक सत्तेपासून तोडून केंद्राशी जोडली होती. ती जोडणी किती पक्की होती, याची परीक्षा लवकरच व्हायची होती.

सॅन फ्रान्सिस्कोचा प्लेग

१८९६ मध्ये मुंबईत जो प्लेग आला, त्याच जागतिक साथीची लाट मार्च १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत पोचली. तिथल्या एंजल बेटावरच्या क्वारंटाइन ठाण्याचा प्रमुख होता जोसेफ किन्यून. १८८७ मध्ये स्टेटन बेटावर त्याने जी छोटी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा उघडली, तिचाच वृक्ष म्हणजे पुढची राष्ट्रीय आरोग्य संस्था. अशा माणसाने सूक्ष्मदर्शक लावून सांगितले की हा प्लेगच आहे.

गव्हर्नर हेन्री गेज यांनी ते साफ नाकारले. प्लेग जाहीर झाला तर कॅलिफोर्नियाचा माल कोण घेणार? वर्तमानपत्रांनी किन्यूनची टवाळी केली. प्लेगचे जंतू त्यानेच मृतदेहात घातले असावेत, इथपर्यंत आरोप गेले. १९०१ च्या आरंभी केंद्राने नेमलेल्या तीन शास्त्रज्ञांच्या समितीने प्लेग असल्याचा निर्वाळा दिला, म्हणजे किन्यून खरा ठरला. आणि त्याला बक्षीस काय मिळाले? त्याच वर्षी त्याची डेट्रॉइटला बदली झाली. केंद्राने राज्याशी समेट केला होता, आणि समेटात कुणाचा तरी बळी द्यावाच लागतो. १९०२ मध्ये किन्यूनने राजीनामा दिला. १९०४ पर्यंत त्या शहरात प्लेगने शंभराहून अधिक बळी घेतले.

परंतु किन्यूनला हुतात्मा करून मोकळे होणे हाही अन्यायच ठरेल. कारण याच अधिकाऱ्याच्या अमलात चिनी आणि जपानी लोकांनी हाफकिनची लस टोचून घेतल्याशिवाय शहराबाहेर जायचे नाही, असा दंडक निघाला. हाफकिनने ती लस १८९७ च्या जानेवारीत मुंबईतच तयार केली होती. गोऱ्यांना मात्र हा दंडक लागू नव्हता. मे १९०० मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरवला. एकाच माणसात दोन चित्रे दिसतात ती अशी. वरच्यांपुढे खरे बोलण्यासाठी त्याला संरक्षण हवे होते, ते मिळाले नाही. आणि त्याच वेळी त्याच्यापासूनच दुबळ्यांना संरक्षण हवे होते, ते न्यायालयाने दिले. या फलटणीच्या हक्कांची पुढची कथा याच दोन टोकांमध्ये फिरते.

आपल्या इकडे त्याच सुमारास, फेब्रुवारी १८९७ मध्ये, साथीच्या रोगांचा कायदा आला. तो अवघ्या चार कलमांचा. त्यातले शेवटचे कलम असे की, या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कुणावरही दावा चालणार नाही. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरे तपासताना काय केले आणि जूनमध्ये रँडसाहेबाचे काय झाले, हे वाचकांना सांगायला नको. दाद मागण्याचा रस्ता कायद्याने बंद केला की माणसे कोणत्या रस्त्याने जातात, याचा तो धडा होता.

हक्क आले युद्धाबरोबर

आता अमेरिकेच्या फलटणीला सैनिकाचे हक्क कधी मिळाले ते पाहू. रोगाशी लढताना तिचे अधिकारी आधीपासून मरत होतेच. मोंटाना राज्यातल्या बिटररूट खोऱ्यात गोचिडीपासून होणाऱ्या ठिपक्यांच्या तापावर काम करणारा डॉ. थॉमस मॅक्लिंटिक १९१२ मध्ये त्याच तापाने गेला. पेलाग्रा रोगाचे मूळ आहारात आहे हे शोधणारा जोसेफ गोल्डबर्गर त्याआधी पीतज्वर, डेंग्यू आणि टायफस अशा तीन दुखण्यांतून उठला होता. परंतु अशा मरणाने कायदे हलले नाहीत. कायदे हलले ते युद्धाने.

पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये लष्कर, आरमार आणि आरोग्य सेवा यांचा पगार एका पट्टीत बसवला गेला. १९३० मध्ये दंतवैद्य, औषधतज्ज्ञ आणि अभियंते यांनाही कमिशन मिळू लागले. दुसरे महायुद्ध सुरू असताना १ जुलै १९४४ चा सार्वजनिक आरोग्य सेवा कायदा आला. सेनादलांकडे नेमणूक असताना, किंवा युद्धकाळातल्या ठरावीक परिस्थितीत, या अधिकाऱ्यांना सैनिकाइतकेच हक्क मिळतील असे त्यात म्हटले होते. पुढे जून १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी आदेश काढून ही सारी फलटणच लष्करी सेवा म्हणून जाहीर केली. १९५२ पर्यंत ती तशीच राहिली. त्या काळात हक्कांबरोबर लष्करी कायद्याचा बडगाही आला, हे ओघानेच आले.

त्यातून २९ जुलै १९४५ ही तारीख माजी सैनिकांच्या कायद्यात कायमची कोरली गेली. त्या दिवशी वा त्यानंतर पूर्णवेळ सेवा केलेला आरोग्य अधिकारी माजी सैनिक गणला जातो. त्याआधीची सेवा असेल तर ती लष्करी हक्क लागू असलेल्या परिस्थितीत झाली होती, हे सिद्ध व्हावे लागते. मॅक्लिंटिकसारख्यांचे मरण या रेषेच्या पलीकडचे. तारखेला भावना नसतात.

पुढे पन्नास आणि साठच्या दशकांत डॉक्टरांना सक्तीने सैन्यात घेतले जाई, तेव्हा या सेवेतली दोन वर्षे सक्तीच्या लष्करी सेवेत मोजली जात. व्हिएतनामला जाण्याऐवजी प्रयोगशाळेत आलेल्या या तरुणांना लोक कुचेष्टेने ‘यलो बेरे’ म्हणत. ‘ग्रीन बेरे’ या शूर तुकडीवरून केलेला तो टोमणा. पण त्याच पिवळ्या टोप्यांतून मायकेल ब्राऊन, जोसेफ गोल्डस्टीन, हॅरॉल्ड व्हार्मस, रॉबर्ट लेफ्कोविट्झ हे नोबेलचे मानकरी निघाले.

ढाल कुणापुढे धरायची?

पगार, पेन्शन, उपचार हे एका प्रकारचे हक्क झाले. कोर्टकचेरीपासून मिळणारे अभय हा दुसरा प्रकार, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे.

१९७० च्या अखेरीस एक कायदा झाला. सेवेतल्या डॉक्टरकडून उपचारात चूक झाली तर दावा त्याच्यावर नाही, फक्त सरकारवर करायचा. कारण रास्त होते. तुटपुंज्या पगारात डॉक्टरला विम्याचे महागडे हप्ते परवडत नव्हते, आणि मागास भागात जायला कुणी तयार होत नव्हते.

या ढालीची दुसरी बाजू फ्रान्सिस्को कास्तानेदा याच्या खटल्यात दिसली. २००६ मध्ये तो परदेशी स्थलांतरितांच्या कोठडीत होता. अंगावर वाढत चाललेल्या गाठीचा तुकडा काढून तपासा, अशी शिफारस तज्ज्ञांनी वारंवार केली. ती तपासणी टाळली गेली. २००७ मध्ये सुटल्यावर कळले की कर्करोग आहे. त्याने काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये तो वारला. सरकारने निष्काळजीपणा मान्य केला. परंतु संबंधित अधिकाऱ्यांना घटनाभंगाबद्दल जातीने जबाबदार धरता येईल का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. ३ मे २०१० रोजी न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की नाही, १९७० चा कायदा त्यांना पूर्ण अभय देतो. कायद्याचे शब्द स्पष्ट होते; न्यायालयाने ते वाचले, इतकेच.

आता याच फलटणीतल्या एखाद्या अधिकाऱ्याने वरिष्ठांचा गैरकारभार उघड केला तर? अलाबामातल्या टस्कीगी प्रकरणाचा दाखला इथे द्यायला हवा. उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीयांना १९३२ पासून चाळीस वर्षे ही सेवा नुसती न्याहाळत राहिली. पेनिसिलिन हाती आल्यावरही त्यांना ते दिले नाही. सेवेतल्याच पीटर बक्स्टन या कर्मचाऱ्याने १९६६ मध्ये हरकत घेतली, ती बाजूला सारली गेली. १९७२ मध्ये त्याने बातमी बाहेर पोचवली तेव्हा तो प्रकार थांबला.

एवढे होऊनही गणवेशधारी अधिकाऱ्याला सत्य बोलण्याचे संरक्षण नव्हते. सैनिकांसाठी तसा कायदा १९८८ मध्ये झाला, नागरी नोकरांसाठी १९८९ मध्ये. पण आमचा हा अधिकारी पुरता सैनिक नव्हे आणि नागरी नोकरही नव्हे. दोन स्टुलांच्या मधल्या फटीत तो पडला. अखेर २०१२ मध्ये औषध प्रशासनाच्या एका कायद्यात कलम घालून सैनिकांचे ते संरक्षण त्याला लागू केले गेले. किन्यूनच्या बदलीला तोवर १११ वर्षे झाली होती. रुग्णाच्या दाव्यापासून अभय १९७० मध्ये मिळाले, वरिष्ठाच्या रोषापासून २०१२ मध्ये. मधल्या ४२ वर्षांचे अंतर हाच या इतिहासाचा सारांश आहे.

हिशेब आणि मोल

या सवलतींवर टीका होत नाही असे नाही. हीच कामे नागरी नोकरही करतात, मग त्यांना लष्करी लाभ कशाला, असा सवाल सरकारी हिशेब तपासणाऱ्या खात्याने १९९६ मध्ये केला होता. २०१८ मध्ये फलटणीची संख्या साडेसहा हजारांवरून चार हजारांवर आणण्याचा प्रस्तावही पुढे आला. हिशेबाच्या वहीत हे बरोबर असेलही. पण २०१४ मध्ये लायबेरियात इबोला पसरला आणि तिथल्या आजारी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी मोनरोव्हियाजवळ पंचवीस खाटांचे इस्पितळ चालवायचे ठरले, तेव्हा याच फलटणीच्या तुकड्या गेल्या. २०२० मध्ये करोना आला आणि कपातीची भाषा करणाऱ्या सरकारलाच राखीव दल उभारण्याची तरतूद कायद्यात करावी लागली.

त्याच वर्षी आपल्याकडे १८९७ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. आरोग्य कर्मचाऱ्याला गंभीर इजा करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आली, साथीत काम करणाऱ्यांसाठी पन्नास लाखांचे विमाकवचही जाहीर झाले. हे योग्यच झाले. गल्लीबोळांतून फिरणाऱ्या आशाताईंच्या अंगावर कमिशनचे बिल्ले नसतात, पण त्यांची लढाई तीच असते.

मात्र जमावापासून संरक्षण म्हणजे सगळे संरक्षण नव्हे. साथ आल्यावर आकडे खरे सांगणारा, औषध नाही तर नाही म्हणणारा अधिकारी दुसऱ्या दिवशी कुठे असेल, हे विचारायला हवे. डॉक्टरला रुग्णापासून वाचवणारा कायदा करणे सरकारला सोपे जाते. डॉक्टरला सरकारपासून वाचवणारा कायदा करायला वेळ लागतो, आणि साथ तेवढा वेळ देत नाही.