लाकडी पाठीची गाडी

मॉरिस मायनर ट्रॅव्हलर लांबून पाहिली तर वाटतं, कुणीतरी हौसेनं गाडीच्या मागच्या अंगाला लाकडी पट्ट्या ठोकल्या आहेत. जवळ गेल्यावर कळतं की त्या पट्ट्यांवरच गाडीची पाठ उभी आहे. पुढच्या दरवाजांपासून मागे ॲश लाकडाची चौकट आहे. क्रिकेटच्या यष्ट्या बनतात तेच हे लाकूड. चौकटीत ॲल्युमिनियमचे पत्रे आणि सरकत्या काचा बसवलेल्या, आणि शेवटाला कपाटासारखा दोन फळ्यांचा दरवाजा. लाकूड कुजलं तर गाडी खचते. म्हणून ब्रिटनमध्ये या गाड्यांना वार्षिक तपासणी सक्तीची होती तेव्हा तपासनीस पत्रा पाहत असे, तसंच लाकूडही दाबून पाहत असे.

ही गाडी 1953 ते 1971 या काळात बनली. तिच्यात मोठं इंजिन, पाच गिअर आणि डिस्क ब्रेक घालून आजही ब्रिटनमधले काही लोक ती रोज कामावर आणि बाजारहाटाला नेतात. जुनी इस्टेट गाडी, म्हणजे मागे सामानासाठी लांब पाठ असलेली मोटार, स्वतःच्या गरजेप्रमाणे बांधून घ्यायची आणि रोज वापरायची, हा प्रकार नव्या पिढीची टूम नाही. या गाडीच्या कुळातच तो आहे.

कुळाचा मूळपुरुष अमेरिकेतल्या रेल्वे स्टेशनाबाहेर सापडतो. आगगाडीतून उतरणारे प्रवासी आणि त्यांच्या अवजड ट्रंका हॉटेलापर्यंत न्यायला तिथे घोडागाड्या उभ्या असत. 1908 मध्ये फोर्डची मॉडेल टी आली. लोक तिची नुसती चासी विकत घेऊ लागले आणि गावातल्या गाड्या बांधणाऱ्या सुतारांकडून तिच्यावर लाकडी सांगाडा चढवून घेऊ लागले. वर छप्पर, आत दोन-तीन बाकं, बाजूला काचेऐवजी गुंडाळता येणारे कॅनव्हासचे पडदे. बाकं काढली की माल, लावली की माणसं. माप गिऱ्हाईक सांगे आणि सुतार त्याप्रमाणे लाकूड कापे. दोन गाड्या सारख्या निघाल्या तर योगायोग.

कारखान्यांनी हे काम हाती घेतलं ते 1920च्या दशकात. स्टार या कंपनीनं 1923 मध्ये तयार स्टेशन वॅगन बाजारात आणली, 1929 मध्ये फोर्डनं. फोर्डनं तर मिशिगनमधल्या आयर्न माउंटनच्या परिसरात स्वतःची जंगलं आणि लाकूडकाम उभं केलं. कापताना उरणाऱ्या तुकड्यांचा आणि भुशाचा कोळसा करून विकला. अमेरिकेत आज अंगणातल्या शेगडीवर मांस भाजायला वापरतात तो किंग्सफर्ड कोळसा त्याच उद्योगाचं अपत्य आहे.

ब्रिटनमधली शाखा वेगळ्या घरातली. तिथे बड्या जमीनदारांच्या इस्टेटीवर शिकारीला निघालेली मंडळी, बंदुका, कुत्री आणि मारलेले पक्षी वाहायला लाकडी पाठीच्या गाड्या असत. पण सामान्य माणसापर्यंत ही गाडी पोचली ती कराच्या कृपेनं. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींवर भरभक्कम खरेदीकर होता, पोलादाचा तुटवडा होता आणि जे पोलाद मिळे त्यातला मोठा वाटा निर्यातीच्या गाड्यांना जाई. लाकडी पाठीची गाडी मात्र मालवाहू म्हणून नोंदली जाई. तिला तो कर लागत नसे आणि लाकडाला पोलादाइतकी टंचाई नव्हती. लहान-मोठ्या कार्यशाळांनी चासी आणून त्यावर धडाधड लाकडी सांगाडे चढवले. मालवाहू म्हटल्यावर ताशी 30 मैलांची, म्हणजे सुमारे 48 किलोमीटरची वेगमर्यादा पाळावी लागे. लोकांनी तीही आनंदानं सोसली.

याच हवेत ट्रॅव्हलर जन्मली. मूळ मॉरिस मायनर 1948 मध्ये आली. ती अॅलेक इसिगोनिस या अभियंत्यानं घडवली होती. उत्पादन सुरू होण्याच्या तोंडावर गाडी अरुंद दिसते म्हणून त्यानं नमुन्याची गाडी मधोमध उभी कापून घेतली, दोन भाग एकमेकांपासून दूर सरकवले आणि चार इंच रुंदी वाढवली. बॉनेटच्या मध्यावरची सपाट पट्टी ही त्या कापाची खूण. कारखान्याच्या मालकाला, म्हणजे लॉर्ड नफील्डला, ही गाडी मुळीच आवडली नव्हती. पाण्यात सोडलेलं अंडं, अशी त्यानं तिची संभावना केली. लोकांनी मात्र ती डोक्यावर घेतली. दहा लाखांचा पल्ला गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार.

1953च्या ट्रॅव्हलरला होतं 803 सीसीचं इंजिन, अवघ्या 30 अश्वशक्तीचं. 1956 मध्ये 948 सीसीचं आलं, 1962 मध्ये 1098 सीसीचं. ट्रॅव्हलरच्या या अठरा वर्षांत बाकी जगानं लाकूड सोडलं. अमेरिकेत विलीज कंपनीनं 1946 मध्येच सगळ्या अंगाची पोलादी वॅगन काढली होती आणि तिच्यावर लाकडासारखा रंग दिला होता. पुढे तर तिथे लाकडाचं चित्र छापलेला प्लास्टिकचा कागद चिकटवण्याची पद्धत पडली. ट्रॅव्हलरची चौकट शेवटच्या गाडीपर्यंत खऱ्या लाकडाची राहिली. मला या गाडीबद्दल आदर वाटतो तो यासाठी. तिच्यात दिसतं तेच काम करतं.

1970च्या दशकात या गाड्या कवडीमोल झाल्या. तळ गंजलेले, लाकूड काळं पडलेलं, आणि नवी मोटार हप्त्यावर सहज मिळणारी. अशा वेळी इंग्लंडमधल्या बाथ शहरात चार्ल्स वेअर या गृहस्थानं 1976 मध्ये मॉरिस मायनर सेंटर सुरू केलं. जुन्या घरांच्या व्यवहारातून तो आला होता आणि घराकडे पाहावं तसंच त्यानं मोटारीकडे पाहिलं. दर वर्षी थोडी डागडुजी केली तर घर शंभर वर्षं टिकतं, मग गाडी दहा वर्षांत भंगारात का जावी? 1982 मध्ये त्यानं टिकाऊ मोटारीवर पुस्तकच लिहिलं. त्यातला हिशेब साधा आहे. नवी गाडी शोरूमबाहेर पडल्या दिवसापासून किंमत गमावते. तेवढाच पैसा जुन्या गाडीवर नेमानं खर्च केला तर गाडी सुधारत जाते आणि पैसा मेकॅनिकच्या, सुताराच्या, पेंटरच्या हातात जातो. पुढे सुटे पत्रे बनवायला त्यानं श्रीलंकेत भागीदारी केली, कारण तिथे मायनर अजून रोज रस्त्यावर धावत होत्या आणि पत्रा हातानं घडवणारे कारागीर होते.

जुनी गाडी जपायची म्हणजे कारखान्यातून निघाली तशी तंतोतंत करायची आणि प्रदर्शनापुरती बाहेर काढायची, हा मार्ग मला पटत नाही. वेअरचा मार्ग दुसरा होता. त्याच्या लेखी मायनर हे अजून पूर्ण न झालेलं यंत्र होतं.

या गाडीवरचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. दुखणं सुरू होतं सरकत्या काचांच्या खालच्या खाचेत. तिथे पाणी साचतं, शेवाळ धरतं. ओल लाकडात उतरते आणि चाकावरच्या कमानीजवळचा सांधा आधी काळा, मग मऊ पडतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं की आत जातं. वरून वार्निश कितीही चकचकीत असलं तरी त्यावर विश्वास ठेवून चालत नाही. नव्या लाकडाच्या तयार चौकटी मिळतात, पण त्या आणल्या आणि बसवल्या असं होत नाही. लाकूड ज्या पत्र्याला बोल्टनं धरतं त्या चाकाच्या कमानी आणि मागचा तळ आधी कापून, वेल्डिंग करून सरळ करावे लागतात. मग चौकट कोरडीच लावून पाहायची, दरवाजाच्या फटी जुळवायच्या, पुन्हा उतरवायची. रंग आधी, लाकूड नंतर. सांध्यांना आणि कापलेल्या तोंडांना कीडनाशक आणि वार्निश बसवण्याआधीच पाजायचं, कारण पाणी शिरतं ते तिथूनच. वरचे हात नंतर, प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपर मारून. हे सुतारकाम आणि पत्र्याचं काम एकाच छताखाली चालतं. शंभर वर्षांपूर्वी मॉडेल टीच्या चासीवर सांगाडा चढवणारा सुतार इथे आला तर त्याला फार काही शिकवावं लागणार नाही.

यंत्राच्या बाजूला नशिबानं साथ दिली. मायनरचं इंजिन ज्या ए-सिरीज घराण्यातलं, त्याच घराण्यातलं 1275 सीसीचं इंजिन पुढच्या अनेक गाड्यांत होतं. ते थोड्याफार फेरफारानं तिथेच बसतं. मूळ चार गिअरच्या जागी फोर्डचा पाच गिअरचा डबा बसवतात, म्हणजे महामार्गावर इंजिन बोंबलत नाही. वेग वाढला की पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक हवेतच, ते आधी करायचे. डायनामोऐवजी अल्टरनेटर, प्रखर हेडलाइट, सीट बेल्ट. ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोल 1999च्या अखेरीस बंद झालं, म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकी कठीण धातूच्या करून घेतात. कुणी मागचं बाक कुत्र्यासाठी काढून टाकतो, कुणी लांबच्या प्रवासासाठी दुसऱ्या गाडीच्या खुर्च्या बसवतो. अनोळखी ट्रॅव्हलरची मागची फळी उघडली की मालक काय काम करतो हे बहुधा कळतं.

आपल्याकडे या घराण्याची नाती आहेत. मॉरिस मायनर हिंदुस्तान मोटर्सनं बेबी हिंदुस्तान या नावानं आणली होती आणि मॉरिस ऑक्सफर्डची ॲम्बेसेडर झाली. इस्टेट या नावाचीच गाडी पुण्यात बनली. टेल्कोची टाटा इस्टेट 1990च्या दशकाच्या सुरुवातीला आली, डिझेल इंजिनाची, लांब पाठीची. ती पुन्हा उभी करून रोज चालवावी असं कुणाला वाटलं तर माझा त्याला मनापासून पाठिंबा आहे. मात्र बाथमधली सगळी मोकळीक इथे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी, गॅरेज नंतर. 2021च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेज नंबर मिळतो, पण तो घेतला की गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज चालवायची असेल तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारं साधं नूतनीकरणच करत राहायचं, पर्यावरण कर भरायचा, आणि तपासणीला जाण्याआधी तळाचा पत्रा खाली आडवं होऊन स्वतः बघून घ्यायचा.