हेलसिंकी ते टोकियो : किती तास?

वर्गातल्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशात हेलसिंकी आणि टोकियो पट्टीने जोडले, तर रेघ कझाकस्तान आणि चीनवरून जाते. आता पृथ्वीगोल घेऊन त्याच दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरू. दोरा चांगलाच उत्तरेला सरकतो, सायबेरियात आर्क्टिक वृत्ताच्याही थोडा वर जातो. हा बृहद्वृत्ताचा तुकडा, म्हणजे गोलावरचे सर्वांत कमी अंतर : सुमारे ७,८०० किलोमीटर. ताशी साडेआठशे किलोमीटर वेगाच्या विमानाला साडेनऊ तास पुरेत.

भूगोलाचे उत्तर एवढेच. पण दोरा ज्या भूमीवरून जातो ती जवळजवळ सगळी रशियाची, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने आपले आकाश परक्या विमानांना बंद ठेवले होते. युरोपातली विमाने मध्यपूर्व, भारतीय उपखंड, बँकॉक असे मुक्काम करत जपान गाठत. कोपनहेगन ते टोकियो प्रवासाला पन्नासहून अधिक तास लागत.

२४ फेब्रुवारी १९५७ रोजी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने वेगळी वाट धरली. उत्तर ध्रुवाच्या बाजूने अलास्कातले अँकरेज, तिथे इंधन, मग टोकियो. वेळ सुमारे ३२ तासांवर आली. अडचण दिशेची होती. चुंबकीय ध्रुव जवळ असल्याने होकायंत्राची सुई तिथे भरवशाची राहत नाही. शिवाय सगळी रेखावृत्ते ध्रुवाशी एकत्र येतात, त्यामुळे सरळ उडणाऱ्या विमानाचीही ‘उत्तर’ दर काही मिनिटांनी बदलते. (ध्रुवावर उभे राहून टोकियो कोणत्या दिशेला, हे मुलांना जरूर विचारावे. हेलसिंकीही त्याच दिशेला!) म्हणून वैमानिकांनी नकाशावर रेखावृत्तांऐवजी समांतर रेघांची चौकट आखली आणि जायरोस्कोपच्या आधाराने त्या रेघांशी कोन राखला.

१९८३ च्या एप्रिलमध्ये फिनएअरने हेलसिंकी–टोकियो हा प्रवास कुठेही न थांबता सुरू केला. डीसी-१० विमानात इंधनाची जादा टाकी बसवली होती. ध्रुव, बेरिंग सामुद्रधुनी, मग प्रशांत महासागर. गोलावर दोरा या वाटेने लावला, तर अंदाजे ३,३०० अधिक २,७०० अधिक ५,००० असे ११,००० किलोमीटर भरतात. वेळ तेरा तासांच्या घरात.

बंद आकाश म्हणजे नुसती कागदावरची रेघ नव्हती. त्याच वर्षी १ सप्टेंबरला अँकरेजहून सेऊलला निघालेले कोरियन प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ माणसे गेली.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला. पुढच्या वर्षांत शुल्क भरून सायबेरियावरून जाणे नेहमीचे झाले आणि हेलसिंकी–टोकियो साडेनऊ तासांवर आले. अँकरेजचे युरोप-जपान मार्गावरचे महत्त्व ओसरले. हेलसिंकी मात्र आशियाचे दार म्हणून भरभराटीला आले.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने रशियन विमानांना आकाश बंद केले, रशियाने उलट तेच केले. मार्चमध्ये फिनएअरची टोकियोची विमाने पुन्हा ध्रुवावरून निघाली, पुन्हा तेरा तास. ध्रुव ओलांडल्याचे प्रमाणपत्र प्रवाशांना १९८३ सारखेच मिळाले. चिनी कंपन्यांची विमाने मात्र त्यानंतरही सायबेरियावरूनच युरोपला जात राहिली.