गालाच्या हाडाच्या अस्थिभंगातील स्थिरीकरण प्लेट

गालाच्या हाडाच्या (गंडास्थी) अस्थिभंगात जागेवरून सरकलेले हाड पूर्वस्थितीत आणल्यावर ते तेथेच राहावे म्हणून स्क्रूंच्या साहाय्याने बसवल्या जाणाऱ्या धातूच्या किंवा विरघळणाऱ्या पट्टीस स्थिरीकरण प्लेट असे म्हणतात. प्रत्येक अस्थिभंगात प्लेटची आवश्यकता नसते. हाड सरकलेले नसल्यास शस्त्रक्रिया बहुधा टाळली जाते. केवळ गंडकमान आत दबली असेल, तर ती उचलून पूर्ववत करणे पुष्कळदा पुरेसे ठरते. कानशिलावरील केसांत छेद घेऊन हाड उचलण्याची गिलीज पद्धत 1927 पासून प्रचलित आहे.

जागेनुसार निवड

गंडास्थी ही ललाटास्थी, ऊर्ध्वहन्वस्थी, शंखास्थी आणि जतूकास्थी या चार हाडांशी सांधलेली असते. चावण्याचा स्नायू (चर्वक स्नायू) तिला खाली ओढतो. त्यामुळे प्लेटची जाडी ठरवताना त्या जागी हाडावर पडणारा ताण आणि वरील त्वचेची जाडी या दोहोंचा विचार करावा लागतो. प्लेटसंचांना स्क्रूच्या व्यासावरून 1.5 मिमी, 2.0 मिमी अशी नावे आहेत.

वरच्या दाढांच्या वरील हाडाचा आधारस्तंभ चर्वणाचा भार पेलतो. येथे तोंडातून छेद घेता येत असल्याने चेहऱ्यावर व्रण राहत नाही, आणि वर जाड मृदू ऊती असल्याने 1.5 ते 2.0 मिमी संचाची, बहुधा इंग्रजी 'एल' आकाराची प्लेट चालते. मात्र स्क्रू दातांच्या मुळांत शिरणार नाहीत याची दक्षता घ्यावी लागते. भुवईच्या बाहेरील टोकाजवळच्या सांध्यातील हाड घट्ट असते व स्क्रू चांगला पकडते. परंतु जाड प्लेट तेथे बोटाला लागते. डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेवर त्वचा अतिशय पातळ असल्याने 1.0 ते 1.3 मिमीची चपटी प्लेट वापरतात. ही प्लेट कडेची रेषा राखते. भार पेलण्याचे काम तिच्याकडून अपेक्षित नसते.

प्लेटची संख्या एक, दोन की तीन, याविषयी शल्यचिकित्सकांत मतभेद आहेत. हाडाचे तुकडे झालेले नसतील आणि ते जागी नीट बसले असेल तर आधारस्तंभावरील एक प्लेटही पुरते. तथापि संख्येपेक्षा हाड अचूक बसणे अधिक महत्त्वाचे होय. प्लेट चुकीची स्थितीही तितक्याच घट्टपणे टिकवते. मग गाल चपटा राहतो, डोळा खोल जातो किंवा दुहेरी दिसू लागते. जतूकास्थीशी असलेला सांधा खोबणीच्या आतून तपासणे ही यासाठी विश्वसनीय खूण मानली जाते.

साहित्य

पूर्वी तारेने हाडे बांधीत. तारेभोवती हाड फिरू शकत असे. 1970 च्या दशकात मिशले व शांपी या फ्रेंच शल्यचिकित्सकांच्या कार्यामुळे लहान प्लेट रूढ झाल्या. आज टायटॅनियम सर्वाधिक वापरले जाते. ते शरीरास मानवते व गंजत नाही. त्रास नसल्यास प्लेट काढत नाहीत. पॉलिलॅक्टिक आम्लाच्या विरघळणाऱ्या प्लेट वाढत्या वयातील मुलांसाठी उपयुक्त ठरतात, पण त्या अधिक जाड व महाग असतात, आणि स्क्रूसाठी हाडात आधी आटे पाडावे लागतात. थंडीत प्लेटच्या जागी दुखणे, प्लेट हाताला लागणे वा जंतुसंसर्ग होणे ही ती काढण्याची नेहमीची कारणे आहेत. गालाची बधिरता मात्र बहुधा मूळ इजेतच चेतातंतू दुखावल्यामुळे आलेली असते, आणि प्लेट काढल्याने ती जाईलच असे नाही.